देखावा आणि साक्षीदार

महानगरीय जाणिवेचा विचार मराठी समीक्षेने प्रामुख्याने मुंबईच्या संदर्भात केला, आणि ते स्वाभाविकही होते. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’मध्ये (१९४७) यंत्रयुगातील माणसाचे क्षुद्रपण विलक्षण तीव्रतेने प्रकटले, नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’मध्ये (१९६६) कामगारांचे जगणे हीच पाठशाळा ठरली, नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) पांढरपेशा वाचकाला अपरिचित वस्ती तिच्याच भाषेत त्याच्यासमोर उभी केली. रोजच्या जगण्याचा ताण आणि त्याचा देखावा ही महानगराची दोन्ही अंगे या तिन्ही संग्रहांत आहेत. भेद आहे तो पाहणाऱ्याच्या जागेचा. मर्ढेकरांचा निवेदक व्यथित होऊन, परंतु किंचित अंतरावरून पाहतो. सुर्वे गर्दीतच उभे राहून बोलतात. ढसाळांच्या कवितेत सुरक्षित अंतरच उरत नाही.

हाच प्रश्न मुंबईपासून दूर राहून गजानन माधव मुक्तिबोधांनी टोकाला नेला. घरची भाषा मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतील मान्यवर कवी-समीक्षक. गजानन माधवांनी मात्र कविता लिहिली ती हिंदीत. १९५८ पासून ते राजनांदगावच्या महाविद्यालयात अध्यापन करीत. तेथून हावड्याच्या दिशेने जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग, भिलाई आणि चरोदा लागतात. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. भातशेतीच्या मुलखात पाळ्यांचे वेळापत्रक आले. चरोद्याचे जीवन मालगाड्यांच्या यार्डाशी जोडले गेले. जेथे महानगर नव्हते, तेथेही त्याचा ताण असा पोहोचला.

१९६४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेत मध्यरात्री शहरातून वाजतगाजत मिरवणूक निघते. सेनाधिकारी, पत्रकार, कवी, समीक्षक आणि कुख्यात मारेकरी तीत एकत्र चालतात. दिवसाची प्रतिष्ठा रात्री उघडी पडते. पाहणारा दृष्टीस पडताच त्याला ठार करण्याची आरोळी उठते. त्याचा अपराध एवढाच, की त्याने पाहिले. प्रेक्षक येथे साक्षीदार होतो, आणि गर्दीच्या ताणाची जागा जाणण्याचा ताण घेतो.

ही कविता परभाषेतील म्हणून बाजूला ठेवली, तर मराठीतील महानगरीय जाणिवेचा विचार अपुरा राहील. देखावा किती भेदक आहे, याहून पाहणाऱ्याने पाहण्याचे काय मोल दिले, हा निकष अधिक मूलगामी आहे. तो समीक्षेलाही लागू पडतो. कारण त्या मिरवणुकीत समीक्षकही आहेत.