दफ्तर पाहण्याचा हक्क आणि छापण्याचा हक्क

माजलगांव तालुक्यांतील दिंद्रुड हें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होतें. अशा गांवांचे महसुली कागद मोडींत किंवा उर्दूंत आहेत. २०२३ सालीं न्या. संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त कुणबी नोंदींसाठीं मराठवाड्यांतील असे कागद धुंडाळण्यांत आले. दफ्तरखान्याचें दार किलकिलें झालें, हें बरें झालें. पण पाहावयास मिळालेला कागद छापतां येईल काय, याचें सरळ उत्तर कायद्यांत नाहीं.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचें ९ वें कलम पाहावें. राज्याखेरीज इतर कोणाच्या स्वामित्वहक्काचा भंग होत असेल, तर त्या कलमान्वयें अर्ज नाकारतां येतो. सरकारला स्वतःच्या हक्काची सबब तेथें सांगतां येत नाहीं. तथापि नक्कल मिळाली म्हणजे छापण्याची मोकळीक मिळाली, असेंही तें कलम म्हणत नाहीं. त्यासाठीं १९५७ चा स्वामित्वहक्काचा कायदा उघडावा लागतो, आणि त्याचें २८ वें कलम आम्हांस फार चमत्कारिक वाटतें. सरकारी कृतीवरील हक्क ती प्रथम प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षें चालतो. जी प्रसिद्धच झाली नाहीं, तिचीं साठ वर्षें सुरू व्हावयाचीं तरी केव्हां? पेशवे दफ्तरांतील सरदेसायांनीं संपादिलेले ४५ खंड मुंबई सरकारनें १९३० ते १९३४ मध्यें छापले. त्यांची मुदत केव्हांच सरली. दिंद्रुडसारख्या गांवचा न छापलेला कागद मात्र, सरकारी कृती मानल्यास, अद्याप बांधलेलाच!

५२ व्या कलमांत एक वाट आहे. ग्रंथालय, संग्रहालय किंवा लोकांस खुली असलेली अन्य संस्था यांतील अप्रकाशित कृती संशोधनार्थ वा प्रकाशनार्थ उतरून घेतां येते. कर्ता ज्ञात असल्यास त्याच्या मृत्यूस साठ वर्षें लोटलेलीं असावीं लागतात. हैदराबादच्या अभिलेखागारास ही सवलत लागू पडेल. तहसील कचेरीच्या दफ्तरखान्यास पडेल काय? आमच्या मतें पडावी; पण तसें स्पष्ट लिहिलेलें नाहीं, आणि संदिग्ध कलमाचा अर्थ कारकुनाच्या मेजावर बहुधा नकाराकडेच झुकतो.

आतां संग्राहकांविषयीं. बाड घरीं आहे म्हणून तें छापण्याचा मक्ता आपलाच, अशी समजूत आमच्यांतही आहे. तिला आधार नाहीं. ईस्टर्न बुक कंपनीच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं ठरविलें कीं, निवाड्यांचा मूळ मजकूर सर्वांचा, पण संपादकानें कौशल्यानें व विवेकानें घातलेली भर त्याची. मोडी वाचकाची टीप व पाठनिर्णय त्याचे असतील. मूळ पत्रावर त्यानें कुलूप लावूं नये.