‘प्रवेशद्वार’ की ‘वेस’? : संगणक जाळ्यातील ‘गेटवे’ या संज्ञेची चिकित्सा

प्रस्तावना :
मराठीतील संगणकविषयक लेखनाची चर्चा बहुधा इंग्रजी शब्द ठेवावेत की मराठी प्रतिशब्द घडवावेत, या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते. प्रतिशब्दामुळे संकल्पना नेमकी कळते की चुकीची कळते, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न मात्र मागे पडतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ मध्ये निफाड येथे झाला. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठीला स्थान मिळावे म्हणून त्यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. त्यांच्या जन्मगावी मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी संगणकशास्त्राच्या वर्गात बसतो, तेव्हा त्याच प्रयत्नांचा पुढचा टप्पा परिभाषेचा ठरतो. प्रस्तुत लेखात डोमेन सर्व्हरच्या जोडणीतील ‘गेटवे’ या एका संज्ञेच्या आधारे ही चिकित्सा केली आहे.

‘प्रवेशद्वार’ या प्रतिशब्दाची मर्यादा :
‘गेटवे’ म्हटले की ‘प्रवेशद्वार’ हा शब्द सहज सुचतो. मुंबईच्या ‘गेटवे ऑफ इंडिया’मुळे तो रूढही आहे. १९११ मधील राजभेटीच्या स्मरणार्थ उभारलेली ही वास्तू १९२४ मध्ये पूर्ण झाली. तिच्या नावात प्रवेश आहे. परंतु २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. संगणक जाळ्यातही हीच गफलत होते. सर्व्हरवर गेटवेचा पत्ता नोंदवला जातो तो बाहेर जाण्यासाठी. संदेश पाठविण्यापूर्वी सर्व्हर सबनेट मास्कच्या आधारे गंतव्य पत्ता आपल्याच जाळ्यातील आहे का, हे तपासतो. असल्यास संदेश थेट जातो. नसल्यास आणि त्यासाठी वेगळा मार्ग नोंदविलेला नसल्यास तो गेटवेच्या हाती दिला जातो. ‘प्रवेशद्वार’ या शब्दातून ही निर्णयप्रक्रिया दिसत नाही.

इंग्रजी संज्ञाही अढळ नाही. इंटरनेटच्या १९८७ मधील मानक दस्तऐवजात या उपकरणाला ‘गेटवे’ म्हटले होते. त्याची जागा घेणाऱ्या १९९५ मधील दस्तऐवजात ‘राउटर’ हा शब्द आला. जोडणीच्या पडद्यावर मात्र जुनाच शब्द राहिला.

‘शीव’ आणि ‘वेस’ :
ग्रामीण मराठीत या संकल्पनेला जवळचे शब्द आधीपासून आहेत. शीव म्हणजे गावाची हद्द आणि वेस म्हणजे येण्याजाण्याची जागा. सबनेट मास्क शीव ठरवतो. शिवेबाहेरचे सारे वेशीतून जाते. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१० आणि मास्क २५५.२५५.२५५.० असताना गेटवे १९२.१६८.२.१ असा नोंदविला, तर जोडणी फसते. दुसऱ्या गावची वेस आपल्या गावाला उपयोगी नाही, एवढे म्हटले की कारण उमगते.

सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे असतील, तर दोन्हींवर मूलभूत गेटवे देण्याचा मोह होतो. तसे केल्यास बाहेरचा संदेश कोणत्या वाटेने जाईल याची खात्री राहत नाही. मूलभूत गेटवे एकाच कार्डावर द्यावा व इतर जाळ्यांसाठी ठरावीक मार्ग स्वतंत्रपणे नोंदवावेत. त्याहून घातक चूक डीएनएसच्या रकान्यात गेटवेचा पत्ता लिहिण्याची. वेस वाट देते. गावातील कोणाचे घर कोठे, हे ती सांगत नाही. डोमेनमधील संगणकांना डोमेन सर्व्हरचा ठावठिकाणा डोमेनच्या डीएनएसकडूनच मिळतो. त्यामुळे सर्व्हर व इतर संगणक या दोहोंच्या रकान्यात त्याच डीएनएसचा पत्ता हवा. बाहेरच्या नावांची चौकशी पुढे पाठविण्याची सोय त्या डीएनएसमध्येच करावी. अन्यथा इंटरनेट सुरू दिसते, पण डोमेनमध्ये लॉगिन होत नाही आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

रूपकाची मर्यादा :
‘वेस’ हा शब्दही निर्दोष नाही. वेशीचे दरवाजे रात्री बंद होत आणि तेथे राखण असे. त्यामुळे गेटवे म्हणजेच सुरक्षा, असा समज होऊ शकतो. राखणीचे काम फायरवॉलचे आहे. अनेकदा एकच उपकरण दोन्ही कामे करते, तरी कार्ये भिन्नच राहतात. शिवाय वेशी पडून गेलेल्या गावांत वाढलेल्या पिढीला हा शब्द म्हणींतूनच परिचित असण्याची शक्यता आहे.

निष्कर्ष :
पडद्यावर दिसणारी संज्ञा ‘गेटवे’ हीच ठेवणे सोयीचे आहे. विवेचनात मात्र ‘प्रवेशद्वारा’पेक्षा ‘वेस’ अधिक अर्थवाही ठरते. प्रतिशब्दाची कसोटी त्याच्या संस्कृतप्रचुरतेत वा नवेपणात नाही. जोडणी बिघडल्यावर तो शब्द विद्यार्थ्याला दोषापर्यंत नेतो का, यावर त्याचे मूल्य ठरते. रकाने भरण्याचा क्रम पाठ केलेला विद्यार्थी पहिल्याच बिघाडापाशी थांबतो. संकल्पना मातृभाषेत उमगलेला विद्यार्थी बिघाडाचे कारण स्वतः शोधू शकतो. महाविद्यालयीन अध्यापनात परिभाषेचा विचार याच दृष्टीने होणे आवश्यक आहे.