गुन्हेगार स्वभाव की गुन्हेगार ठरवणारे आपण? – आयझेंक यांच्या पुस्तकाचं पुनर्वाचन

गुन्हेगार जन्मतो की घडतो, हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानानंतर कुणी ना कुणी विचारतंच. आज त्याचं एक गाजलेलं उत्तर तपासू या: हान्स आयझेंक यांचं ‘क्राइम अँड पर्सनॅलिटी’ हे १९६४ सालचं पुस्तक.

आधी त्यांचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडतो. मूल चुकलं की त्याला शिक्षा होते, भीती वाटते. असं वारंवार झालं की पुढे वाईट कृत्याच्या नुसत्या विचारानेच पोटात गोळा येतो. आयझेंक यांच्या मते हीच सदसद्विवेकबुद्धी, म्हणजे अभिसंधानाचा परिणाम. बहिर्मुख माणसाच्या मेंदूची जागृती मुळात कमी. त्याच्यावर अभिसंधान सावकाश होतं, म्हणून विवेक कच्चा राहतो. भावनिक अस्थिरतेने त्यात भर पडते. लोंब्रोझोने १८७६ साली कवटी आणि जबड्यावरून गुन्हेगार ओळखायला घेतलं होतं. त्या मानाने हे विवेचन पुष्कळच शहाणं आहे. गुन्हा अनुवंशाने येतो असं आयझेंक म्हणत नाहीत. कल येतो म्हणतात.

मग अडचण कुठे? पहिली, पुराव्यात. कैदी इतरांपेक्षा जास्त बहिर्मुख निघायला हवेत. तसं सातत्याने दिसलं नाही. आणि दिसणार तरी कसं? बराकीतल्या माणसाला ‘तुम्हाला चार लोकांत मिसळायला आवडतं का’ असं विचारून काय हाती लागणार? पुढे आयझेंकनी ‘सायकोटिसिझम’ या तिसऱ्या गुणावर भर दिला. त्यात निष्ठुरता, बेपर्वाई, रूढ नियम न जुमानणं हे सगळं आलं. आता गंमत बघा. हा नियम का मोडतो? नियम न जुमानण्याचा स्वभाव आहे म्हणून! मोलिएरच्या नाटकात अफूने झोप का येते, तर तिच्यात झोप आणणारी शक्ती आहे म्हणून, तसंच हे. आपले नैयायिक याला आत्माश्रय दोष म्हणाले असते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. ती मला पुस्तकाने नव्हे, एका विद्यार्थ्याने शिकवली. मी वर्गात आयझेंक मोठ्या उत्साहाने शिकवत होतो. विमुक्त समाजातला एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणात जन्मले. ते कोणत्या स्वभावामुळे गुन्हेगार होते?” मला उत्तर देता आलं नाही.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ साली तो मुंबई इलाख्यासह देशभर लागू करता येईल असा केला. जमातीवर शिक्का, मग नोंदणी, हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. त्या रात्रीत कुणाचा मेंदू बदलला? तसंच ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. शरीरं तीच, स्वभाव तेच. गुन्हा ही काविळीसारखी निसर्गात सापडणारी गोष्ट नाही. तो कायद्याने ठरतो. मग ‘गुन्हेगाराचं जीवशास्त्र’ शोधताना आपण नेमकं कशाचं जीवशास्त्र शोधतो?

म्हणजे जीवशास्त्र निरुपयोगी का? मुळीच नाही. पण प्रश्न नेमका हवा: रागाच्या भरात हात उचलणं, परिणामांचा विचार न करणं, असा. न्यूझीलंडमधल्या डनेडिन इथल्या मुलांचा जन्मापासून अभ्यास चालू आहे. त्यावर आधारलेल्या २००२ सालच्या निबंधात असं दिसलं की एमएओए जनुकाचा कमी सक्रिय प्रकार असलेल्या ज्या मुलग्यांचा लहानपणी छळ झाला, त्यांच्यात पुढे समाजविघातक वर्तन जास्त होतं. छळ नसेल, तर नुसत्या जनुकाने तसा फरक पडला नाही. या निष्कर्षावर वाद आहेत. तरी मला त्यातून एवढं कळतं, की हाती घेण्यासारखं काम मुलाचं रक्त तपासण्याचं नाही, त्याचा छळ थांबवण्याचं आहे.

आयझेंक जरूर वाचा. पण वाचताना त्या मुलाचा प्रश्न शेजारी ठेवा. मी तो इतकी वर्षं ठेवला आहे.