ग्रेट मॉपमधील चेटकीण : 'लॉली विलोज' या कादंबरीचे एक वाचन

सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर या इंग्रज लेखिकेची 'लॉली विलोज' ही पहिली कादंबरी १९२६ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी अमेरिकेत सुरू झालेल्या 'बुक ऑफ द मंथ क्लब'ने आपले पहिलेवहिले पुस्तक म्हणून तिची निवड केली आणि कादंबरी एकाएकी हजारो घरांत पोहोचली. ही लोकप्रियताच पुढे तिच्या वाटेत आडवी आली. एक अविवाहित प्रौढा लंडन सोडून विक्षिप्त माणसांच्या खेड्यात जाते, तेथे तिला मांजराचे पिल्लू भेटते आणि ती चेटकीण होते, एवढ्या कथासूत्रावरून ती शेकोटीपाशी बसून वाचायची गोड, निरुपद्रवी कथा मानली गेली. कादंबरीत ऊब आहे, विनोद आहे, घरी केलेल्या रानफुलांच्या मद्याचा गंधही आहे. परंतु ही ऊब कोठून येते आणि तिचे मोल कोणी चुकते केले आहे, हे पाहिल्यावाचून कादंबरी वाचून झाली असे म्हणता येणार नाही.

लॉरा विलोज ही सॉमरसेटमधील एका मद्योत्पादकाची मुलगी. आईच्या पश्चात ती वडिलांचे घर सांभाळते, रानातील वनस्पती धुंडाळते, औषधी वनस्पतींवर एक छोटी पुस्तिकाही लिहिते. १९०२ साली वडील वारतात तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची आहे. तिला काय हवे, हे कोणी विचारीत नाही. थोरला भाऊ हेन्री याच्या लंडनमधील घरी तिची रवानगी होते. जणू घरातील एखादे कपाट दुसऱ्या खोलीत हलवावे तशी. तेथे भाच्या तिला 'लॉली' म्हणू लागतात आणि लॉरा हे नाव मागे पडते. मराठी वाचकाला ही आत्या अनोळखी नाही. एकत्र कुटुंबात बाळंतपणे, आजारपणे, सणवार निभावणारी, सर्वांना हवी असलेली आणि कोणाच्याच हिशेबात नसलेली अशी स्त्री येथील घराघरांत होती. १९३३ साली विभावरी शिरूरकरांनी 'कळ्यांचे निःश्वास'मध्ये शिकलेल्या, अविवाहित स्त्रियांची घुसमट मांडली तेव्हा उठलेले वादळ आठवले, तर वॉर्नर किती नाजूक जागी बोट ठेवीत होत्या याची कल्पना येते. फरक असा की, शिरूरकरांचा सूर वेदनेचा आहे. वॉर्नर ही घुसमट जवळजवळ हसतहसत सांगतात.

एका मेजवानीचा प्रसंग याचे उत्तम उदाहरण ठरावा. लॉरासाठी आणलेला एक सुस्थित उमेदवार फेब्रुवारी महिन्याबद्दल काही औपचारिक बोलतो. त्यावर लॉरा अगदी सहजपणे त्याला सांगते की, तुम्ही कदाचित रात्री लांडगा होणाऱ्या माणसांपैकी असाल, अनेकांना आपण तसे आहोत हे ठाऊकच नसते आणि मेंढ्यांच्या मागे लागायला याच महिन्यातील रात्री फार सोयीच्या. उमेदवार पुन्हा फिरकत नाही. निम्म्याहून अधिक कादंबरी संपेपर्यंत एकही अद्भुत घटना घडत नाही, तरी चेटकिणीची भाषा लॉराच्या तोंडी अशी आधीच आलेली असते.

लंडनमध्ये सुमारे वीस वर्षे जातात. वॉर्नर ती मोजक्या पानांत उरकतात. ज्या आयुष्यात काही घडू दिले जात नाही त्याला अधिक पाने देण्याचे कारण नाही, हा त्यांचा निर्णय योग्यच आहे. मग एके दिवशी एका दुकानात शेवंतीच्या फुलांसोबत मिळालेल्या बीच वृक्षाच्या डहाळ्या लॉराला वेड लावतात. त्या चिल्टर्न टेकड्यांमधून आल्या, एवढे कळताच ती त्या भागाची मार्गदर्शिका आणि नकाशा विकत घेते व ग्रेट मॉप या खेड्यात राहायला जाण्याचे जाहीर करते. हेन्रीचा विरोध प्रथम काळजीच्या भाषेत येतो. नंतर खरी गोष्ट बाहेर पडते : बहिणीचे पैसे त्याने तिला न विचारता एका धाडसी कंपनीत गुंतवले आहेत आणि तिचे उत्पन्न निम्म्यावर आले आहे. कादंबरीचा हा कणा आहे. लॉरा सैतानाकडे वळते ती भावाने तिचा हिशेब बुडवल्यानंतर.

१९२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांपेक्षा सुमारे सतरा लाख स्त्रिया अधिक होत्या. महायुद्धानंतर या 'अतिरिक्त' स्त्रियांचे काय करायचे, ही वृत्तपत्रांना पडलेली चिंता होती. मतदानाचा अधिकार १९१८ साली तीस वर्षांवरील, विशिष्ट अटी पूर्ण करणाऱ्या स्त्रियांना मिळाला होता; पुरुषांच्या बरोबरीने तो मिळण्यास १९२८ उजाडले. स्वतःची खोली आणि स्वतःचे उत्पन्न यांविषयीचा व्हर्जिनिया वुल्फ यांचा प्रसिद्ध निबंध १९२९ चा. वॉर्नर यांची लॉरा श्रीमती लीक यांच्या घरातील भाड्याच्या खोलीत त्याआधी तीन वर्षे येऊन राहिली आहे.

ग्रेट मॉपचे वर्णन हा कादंबरीतील सर्वांत रसाळ भाग. येथील लोक रात्री उशिरापर्यंत जागे असतात, ते का हे सांगत नाहीत आणि दुसऱ्यालाही काही विचारीत नाहीत. लंडनमध्ये सर्व जण लॉराची चौकशी करीत आणि कोणालाच तिचे काही घेणेदेणे नव्हते. येथे उलट आहे. ती शेजारच्या माणसाच्या कोंबड्या राखते, भटकते, आणि एके दिवशी मार्गदर्शिका व नकाशा विहिरीत टाकून देते. ठिकाण माहीत करून घेणे संपले आणि तेथे असणे सुरू झाले, हे वॉर्नर या एका कृतीत सांगतात.

या सुखात पुतण्या टायटस येतो. तो प्रेमळ आहे, हुशार आहे, चित्रकार फ्यूझेलीवर पुस्तक लिहितो आहे, आणि हेच त्याचे संकट आहे. त्याला ही टेकड्यांची भूमी आवडते, पण ती आपली मालमत्ता असल्यासारखी आवडते. लॉरा पुन्हा आत्या होते, पुन्हा चहा ओतू लागते. त्या हताशेत ती एका शेतात मदतीची हाक घालते आणि खोलीत परतते तेव्हा मांजराचे पिल्लू तिला ओरखडते. रक्ताचा एक थेंब, करार झाला. पुढे टायटसचे दूध नासते, तो गांधीलमाश्यांच्या पोळ्यावर पडतो आणि अखेर एका तरुणीशी विवाह ठरवून लंडनला जातो. जादूने साधलेले हे फळ म्हणजे पुतण्याची एका स्त्रीच्या देखभालीतून दुसरीच्या देखभालीत झालेली बदली, ही कादंबरीतील सर्वांत तिखट थट्टा.

वॉर्नर यांच्यासमोर मार्गारेट मरे यांचा १९२१ मधील ग्रंथ होता. चेटकिणी म्हणजे एका प्राचीन धर्माच्या उपासक, हा मरे यांचा सिद्धान्त इतिहासकारांनी पुढे फेटाळला. कादंबरीचे त्यामुळे काही बिघडत नाही; वॉर्नर यांनाही त्यात धर्म दिसलाच नव्हता. चेटकिणींचा मध्यरात्रीचा मेळावा त्यांनी गावच्या कंटाळवाण्या नृत्यसमारंभासारखा रंगवला आहे, आणि लॉरा तेथूनही रागावून निघून येते.

भारतीय वाचकाला मात्र येथे थांबावे लागते. या देशात चेटकीण, डाकीण, डायन हे शब्द शेकोटीचे नाहीत. बिहारने १९९९ साली आणि महाराष्ट्राने २०१३ साली याविरुद्ध कायदे केले, ते स्त्रिया मारल्या जात होत्या म्हणून. महाश्वेता देवींच्या 'बायेन' या कथेत चंडीदासीला बायेन ठरवणारा तिचाच नवरा असतो; लहान मुलांची प्रेते पुरण्याचे पिढीजात काम करणारी ती गावाबाहेर एकटी राहते आणि मेल्यावरच मुलाच्या तोंडून आई म्हणवली जाते. चंडीदासीने हे नाव मागितले नव्हते. लॉरा ते स्वतःहून घेते. या एका भेदात दोन समाजांतील अंतर मावते. सातपुड्यापासून झारखंडपर्यंतच्या अनेक प्रकरणांत आरोपाच्या मुळाशी विधवेची किंवा एकट्या स्त्रीची जमीन निघाली आहे. हेन्रीने लॉराचे पैसे बुडवले त्यासाठी त्याला तिला चेटकीण म्हणावेही लागले नाही. बहिणीचा विश्वस्त असणे पुरेसे होते. येथे जमीन बळकावण्यासाठी स्त्रीला चेटकीण केले जाते, तेथे धन गेल्यावर ती चेटकीण होते.

कादंबरीत एक उणीव राहतेच. निम्मे का होईना, लॉराला उत्पन्न आहे. गावातील गरीब स्त्रियांना सैतानाने काय दिले, हे कळत नाही. शिवाय भाऊ, पुतण्या यांच्यापासून सुटलेली स्त्री अखेर ज्याच्या हाती जाते तो 'प्रेमळ शिकारी' पुन्हा पुरुषच आहे. वॉर्नर यांना हे दिसत नव्हते असे मानणे कठीण. उपशीर्षकच त्यांनी 'द लव्हिंग हंट्समन' असे दिले. शेवटच्या संवादात लॉरा सैतानाला देशभरातील दुर्लक्षित स्त्रियांविषयी सांगत सुटते, त्यांच्यात साठलेल्या स्फोटक शक्तीविषयी बोलते. तो ऐकतो, बदल्यात काही मागत नाही, काही करायलाही सांगत नाही. तो निघून गेल्यावर ती घरी परतत नाही. रात्र उघड्यावर, पाने वाळून पडलेल्या एखाद्या खळग्यात काढायचे ती ठरवते, आणि कोणालाही कळवण्याची गरज तिला पडत नाही.