संदर्भोल्लेखांचे गणित आणि कमल रणदिवे यांचे संशोधन

मूलपेशींवर काम करणाऱ्या संशोधकाचा परिचय हल्ली त्याच्या निबंधांना लाभलेल्या संदर्भोल्लेखांच्या आकड्याने सुरू होतो आणि पुष्कळदा तेथेच संपतो. यूजीन गारफील्ड यांची विज्ञान-संदर्भसूची १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली ती मुख्यतः वाङ्मय शोधण्याचे साधन म्हणून. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तीवरून व्यक्तीचा निर्देशांक काढण्याची रीत सांगितली : वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेख झाला असल्यास निर्देशांक वीस. शोधण्याचे साधन अशा रीतीने तोलण्याचा काटा बनले.

हा काटा कोठे लटका पडतो, हे डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांच्या कार्यावरून दिसते. पुण्यात जन्मलेल्या रणदिवे यांनी डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात या तंत्राची भारतातील पहिली प्रयोगशाळा उभारली. त्या मूलपेशींच्या अभ्यासक नव्हेत, हे खरे. स्तनाचा कर्करोग, संप्रेरके आणि विषाणू यांचा संबंध हा त्यांचा प्रमुख विषय. परंतु मूलपेशी शरीराबाहेर जगविणे ज्या विद्येवर अवलंबून आहे, ती विद्या त्यांनी येथे रुजविली. अशी विद्या निबंधांतून फारशी पसरत नाही. निर्जंतुक हाताळणी, पोषकद्रव बदलण्याची वेळ, पेशी मरू लागल्याची पहिली खूण, या गोष्टी एक हात दुसऱ्या हाताला शिकवितो; आणि हाताचा संदर्भ तळटीपेत देण्याची प्रथा नाही.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. पाणिनीने अष्टाध्यायीत दहा पूर्वाचार्यांची नावे घेतली आहेत. ती बहुतांशी येतात कोठे? जेथे मतभेद किंवा विकल्प नोंदवावयाचा असतो तेथे. (टीकाकार काही उल्लेख केवळ आदरार्थ मानतात, ही गोष्ट वेगळी.) जे निर्विवादपणे शास्त्रात मुरले, त्याच्या कर्त्याचे नाव सूत्रात उरले नाही. आधुनिक विज्ञानातही एखादी कल्पना पूर्णपणे पचनी पडली की तिचा उल्लेख थांबतो, हे रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिले आहे. उल्लेखांची संख्या कल्पना अद्याप चर्चेत आहे एवढेच निश्चितपणे सांगते. ती किती खोल गेली, हे सांगत नाही. रणदिवे यांच्या संस्थेत कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून वाढविलेला जंतू तर शास्त्रीय वाङ्मयात संस्थेच्याच आद्याक्षरांनी, 'आय.सी.आर.सी.' या नावाने, ओळखला गेला. नामकरणातच कर्ता लोपला.

याचा अर्थ आकडा खोटा असतो असा नव्हे. ताकाहाशी आणि यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशींना चार घटकांच्या साहाय्याने पुन्हा मूलपेशींची क्षमता दिली. त्या निबंधाला मिळालेले विपुल उल्लेख सर्वथा यथार्थ आहेत. यामानाका यांना २०१२ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. तथापि त्या प्रयोगाची पहिली पायरीही पेशीसंवर्धनाचीच होती, आणि ते शिकविणाऱ्या पिढ्यांना त्या उल्लेखांतील वाटा क्वचितच पोचतो.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. येथील आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. रुग्णाच्याच रक्तातील मूलपेशींमध्ये जनुकीय फेरफार करून या आजारावर उपचार करण्यास २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिका येथे मान्यता मिळाली. त्या उपचाराच्या निबंधांना उल्लेख मिळतील, मिळावेतही. पण पाड्यापाड्यांवर रक्ततपासणी करून रुग्णांच्या याद्या करणाऱ्याचे काम कोणत्या सूचीत धरावयाचे? निवृत्तीनंतर रणदिवे अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामात गुंतल्या. त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करणाऱ्याने ही वर्षे रिकामी समजावयाची काय? विभागातील संशोधनवृत्तीच्या अर्जात निर्देशांकाचा रकाना आहे, तो असू द्यावा. परंतु त्याच्या शेजारी 'कोणाला काय शिकविले' असा एक रकाना घालावा, अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे.