करडं वर्तुळ म्हणजे सुरक्षित नव्हे
पैसे घेऊन माल न पाठवणारी साइट अँटीव्हायरसला सापडत नाही, कारण तिच्यात व्हायरस नसतोच. 'वेब ऑफ ट्रस्ट'चं लाल वर्तुळ तिथे कामाचं होतं, कारण ते लोकांच्या मतांवर ठरायचं. पण शिरूर किंवा दौंडच्या एखाद्या छोट्या पतसंस्थेची खरी साइट आणि तिची काल रात्री बनवलेली नक्कल, दोन्ही करड्याच दिसणार. मत द्यायला आहे कोण? मूर आणि क्लेटन यांनी २००८ साली फिशटँक तपासलं, तेव्हा मतांचा मोठा वाटा मोजक्याच लोकांचा निघाला. याला 'गर्दी' म्हणायचं का, मला शंका आहे! असा डेटा प्रबंधात घेणार असाल, तर करडं म्हणजे 'नोंद नाही' असंच लिहा. शिवाय वर्तुळ दाखवायला एक्स्टेन्शनला तुमची प्रत्येक साइट कळावी लागते. २०१६ मध्ये जर्मनीच्या एनडीआर वाहिनीने वेब ऑफ ट्रस्टमधून ही माहिती विकली जात असल्याचं दाखवलं, आणि मोझिलाने ते काढून टाकलं.