खंडित मूर्ती

मारामारीचे चित्रपट मला मनापासून आवडतात, हे आरंभीच सांगून टाकते. दिवाळी अंकाच्या समीक्षेच्या पानांवर असे बोलणे फारसे शोभत नाही, हे मला समजते. पण एकट्या माणसाने दहा-पंधरा गुंडांना लोळवावे आणि आपण खुर्चीच्या कडेवर सरकून ते पाहावे, यात जो निर्मळ आनंद आहे तो पुष्कळशा थोर म्हटल्या जाणाऱ्या चित्रपटांनी मला दिलेला नाही. दुष्टाला त्याच्या दुष्टपणाची शिक्षा त्याच संध्याकाळी, अडीच तासांच्या आत मिळावी, ही इच्छा बायकांच्या मनात पुरुषांपेक्षा कमी असते असे ज्याला वाटत असेल, त्याने एखाद्या सरकारी कचेरीत सकाळपासून ताटकळलेल्या बाईचा चेहरा एकदा नीट पाहावा.

आमच्या गावाचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे; पण मी सांगते ते दिवस औरंगाबादचे. 'सादिया', 'अंजली', 'अप्सरा' ही नावे इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. १९७५ सालचा 'शोले' मी त्या दिवसांत पाहिला. बसंतीच्या टांग्यामागे दरोडेखोरांचे घोडे लागतात तो प्रसंग मला आजही जसाच्या तसा आठवतो. ती उभी राहून लगाम खेचते आहे, घोडीला ओरडून हाका घालते आहे, धूळ उडते आहे. त्या वेळी ती बाई आहे की बुवा, हे कोणाच्या मनातही येत नाही. ती सुटली पाहिजे, एवढेच सगळ्या प्रेक्षागृहाला वाटते. मग टांगा उलटतो, ती पकडली जाते, आणि लगेच तिला फुटलेल्या काचांवर नाचावे लागते. ज्या बाईने आताच अर्ध्या टोळीला दमवले, तिच्यापाशी आता नाचण्यावाचून दुसरे शस्त्रच उरलेले नाही! कथेत त्या नाचाला कारण आहे, हे मी मान्य करते. तिच्या पायांवर वीरूचा जीव टांगलेला आहे. पण त्याच चित्रपटात गब्बरच्या अड्ड्यावर हेलनचाही एक नाच आहे, आणि त्या बाईचे कथेशी काय नाते, हे कोणी विचारत नाही. ती कोठून येते ठाऊक नाही, कोठे जाते ठाऊक नाही.

पुढच्या मारधाडपटांनी बसंतीचा टांगा सोडून दिला आणि अड्ड्यावरचा नाच तेवढा उचलला.

या नाचाला आता 'आयटम साँग' असे म्हणतात. आयटम म्हणजे नग! दुकानदार वहीत लिहितो तसला. असो. मला या गाण्यांपेक्षा ती चालू असताना प्रेक्षागृहात काय होते, हे पाहण्याचा नाद आहे. दिवे, धूर, दारूच्या बाटल्या दिसू लागल्या की पुढच्या रांगांतून शिट्ट्या सुरू होतात. बायका त्या वेळी काय करतात, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? एक पिशवीत पाण्याची बाटली शोधू लागते. दुसरी पोराचे स्वेटर सारखे करते. तिसरीला मोबाइलवर काही तरी फार तातडीचे आलेले असते. प्रोझोनच्या गारेगार मल्टिप्लेक्समध्ये शिट्ट्या कमी झाल्या आहेत. पण बाटल्या तशाच शोधल्या जातात. कोणी उठून जात नाही. रागही फारसा दिसत नाही. आपल्यासाठी नसलेल्या बैठकीत चुकून आलेल्या पाहुणीने जसे चार मिनिटे भिंतीकडे पाहत बसावे, तशा त्या बसून असतात. वास्तविक त्यांनीही तिकिटाचे पैसे तेवढेच मोजलेले असतात. नायकाने खलनायकाला बुकलले म्हणजे त्याही टाळ्या देणार असतात. मग या चार मिनिटांत त्यांना दाराबाहेर का उभे करायचे? माझे भांडण प्रथम येथे आहे.

उदाहरण आपल्याच घरचे घेऊ. केदार शिंदे यांच्या २००६ सालच्या 'जत्रा' या मराठी चित्रपटात अजय-अतुल यांची 'कोंबडी पळाली' ही चाल होती. भरत जाधव आणि क्रांती रेडकर यांच्यावरचे ते गाणे सोवळे होते असे मी म्हणणार नाही. वरातीत ते वाजू लागले म्हणजे म्हाताऱ्यांनाही चावट हसू येई. पण त्यात बाई आणि बाप्या दोघेही धिंगाणा घालीत होते आणि दोघांचीही फजिती होत होती. सहा वर्षांनी, २०१२ च्या हिंदी 'अग्निपथ'मध्ये, तीच चाल 'चिकनी चमेली' होऊन आली. मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावरचे आपले मांडवा हे गाव तेथे खलनायकाचा अड्डा झाले आहे, आणि त्या अड्ड्यावर कतरिना कैफ येऊन नाचते. गाण्याआधी ती नाही, गाण्यानंतर नाही. बाप्याची फजिती गळाली आणि उरली ती भोवती बसलेल्या पुरुषांची गर्दी. चाल एकच, संगीतकार तेच. फक्त नाचणारीच्या जोडीदाराला काढून घेतले की चावटपणाचा बाजार कसा होतो, हे पाहायचे असेल तर ही दोन गाणी एकापाठोपाठ पाहावीत.

येथे कोणी तरी सुशिक्षित गृहस्थ हमखास म्हणतात, "बाई, तुम्ही तर अजिंठा-वेरूळच्या गावच्या. तेथे काय सगळ्या नऊवारीत आहेत?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर आता पाठ झाले आहे. नाहीत. अजिंठ्याच्या चित्रांतल्या स्त्रियांच्या अंगावर वस्त्र अगदी बेताचे आहे, आणि त्यांच्याकडे पाहताना मला कधी पाण्याची बाटली शोधावीशी वाटलेली नाही. सोळाव्या लेण्यातली ती प्रसिद्ध शोकमग्न राजस्त्री पाहा. नवरा भिक्षू झाल्याचे कळून ती ढासळली आहे. तिचा देह उघडा आहे. पण आपली नजर तिच्या कललेल्या मानेवर जाते, मिटत चाललेल्या डोळ्यांवर जाते, तिला सावरणाऱ्या दासीच्या हातावर जाते. देह तिच्या दुःखाचा आहे, पाहणाऱ्याच्या सोयीचा नाही.

वेरूळला तर मारामारीच आहे! महिषासुरमर्दिनी सिंहावर बसून अनेक हातांत शस्त्रे घेऊन त्या शिंगाड्या असुरावर चालून जाते आहे. शिल्पकाराने तिच्या देहाचे सौंदर्य मुळीच झाकलेले नाही. पण ते सौंदर्य त्या चालून जाण्यात आहे, वळलेल्या धडात आहे, ताणलेल्या हातात आहे. तेथल्या कितीतरी मूर्तींची नाके गेली आहेत, हात गेले आहेत, आणि तरीही त्या सबंध वाटतात. उलट पडद्यावरच्या बाईचे सगळे अवयव शाबूत असूनही ती सबंध दिसत नाही. कॅमेरा पोटावर येतो, मग कमरेवर, मग मांडीवर, मग ओठांवर. मध्ये कोठे तरी अर्धा क्षण चेहरा. पुन्हा पोट. आपल्याकडे खंडित मूर्ती देव्हाऱ्यात ठेवीत नाहीत. येथे मात्र मूर्ती मुद्दाम खंडित करून मगच मांडलेली असते. तेव्हा माझी तक्रार उघडेपणाबद्दल नाही, तुकड्यांबद्दल आहे. नखशिखान्त वस्त्रांत असलेल्या बाईचेही असे तुकडे करता येतात, आणि आमच्या चित्रपटांनी तेही केलेले आहे.

'शोले' आला त्याच १९७५ साली लॉरा मल्व्ही या इंग्रज विदुषीचा एक निबंध प्रसिद्ध झाला. कॅमेऱ्याची नजर, नायकाची नजर आणि प्रेक्षकाची नजर या तिन्ही एकाच पुरुषाच्या असल्यासारख्या चालतात, आणि बाई अशी नजरेपुढे उभी केली की कथा तेवढा वेळ थांबते, असे तिचे सांगणे होते. तो निबंध पुढे जगभर गाजला. त्याची भाषा फार अवघड आहे. पण पाण्याची बाटली शोधणाऱ्या आमच्या बायकांना त्यातला मुद्दा केव्हाच कळलेला होता.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा. आमचे एक भाचे म्हणतात, "मावशी, नायकसुद्धा हल्ली शर्ट काढतोच की!" काढतो, आणि त्याच्या शर्ट काढण्यावर पोरी ओरडतात, हेही खरे. जेम्स बाँडच्या १९६२ च्या पहिल्या चित्रपटात उर्सुला अँड्रेस समुद्रातून बाहेर आली. २००६ मध्ये खुद्द बाँडच, म्हणजे डॅनियल क्रेग, तसाच पाण्यातून बाहेर आला. फिटंफाट झाली म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. नायक शर्ट काढतो तो बहुधा भांडायला. त्या उघड्या छातीने पुढे काही तरी घडायचे असते. कोणाचे तरी दात पडायचे असतात. आणि मारामारी दाखवायची म्हणजे कॅमेऱ्याला मागे सरावे लागते, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दाखवावा लागतो. नाहीतर ठोसा कोणी मारला आणि कोणाला लागला हे कळायचे कसे? हल्ली मारामारीचेही तुकडे जोडतात, पण ते जोडून एक कृती पुरी होते. नाचणारीचे तुकडे जोडून काहीच पुरे होत नाही.

म्हणूनच मला वाटते की बाईला पडद्यावर सबंध करायची सोय जर कोठे असेल, तर ती मारामारीच्या चित्रपटातच आहे. आणि हे पूर्वी घडलेले आहे. १९३५ च्या वाडियांच्या 'हंटरवाली'त नादियाने मुखवटा चढवला, चाबूक घेतला आणि पुरुषांना उचलून आपटले. तिचे कपडे तोकडे होते आणि त्याचा गल्ल्यावर काय परिणाम होतो हे वाडिया मंडळी जाणून असणार. पण माणूस उचलून आपटणाऱ्या बाईच्या कमरेवर कॅमेरा रेंगाळेल कसा? पुढच्याच वर्षी 'प्रभात'ने 'अमरज्योती' काढला. शांताराम दिग्दर्शक, दुर्गा खोटे सौदामिनी. राज्याचा कायदा तिला तिच्या मुलावरचा हक्क नाकारतो, म्हणून ती समुद्रावरची चाचीण होते आणि अमात्य दुर्जयालाच कैद करते. ज्या गाऱ्हाण्यासाठी आजही बायका न्यायालयांचे उंबरे झिजवतात, त्याच्यासाठी तलवार उपसणारी बाई आपल्या मराठी मंडळींनी १९३६ साली उभी केली होती.

धंद्याला मात्र तुकडाच हवा असतो. जयवंत दळवींच्या 'चक्र' या १९६३ च्या कादंबरीवरून १९८१ साली त्याच नावाचा हिंदी चित्रपट आला. झोपडपट्टीतल्या अम्माच्या भूमिकेसाठी स्मिता पाटील हिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. झोपडपट्टीत नहाणीघर नसते, म्हणून अम्मा उघड्यावर अंघोळ करते; चित्रपटात ते दारिद्र्याचे दृश्य आहे. वितरकांनी नेमके तेवढेच उचलून भिंतीभिंतीवर लावले. नायकाला असा अर्धनग्न दाखवून काही साधत नाही, पण बाई दाखवली की आणखी शंभर माणसे येतील असा यांचा हिशेब असतो, अशा अर्थाचे ती दूरदर्शनवरच्या मुलाखतीत पुढे बोलली. एका चांगल्या चित्रपटातून एक तुकडा कापून काढला म्हणजे त्याचे काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा कायदा झाला. त्यातून १९५२ च्या चित्रपटकायद्याखाली येणारे चित्रपट वगळलेले आहेत. ते काम सेन्सॉरचे. आणि आपण वाद घालतो तो कशावर? २०२३ च्या 'पठाण'मधल्या गाण्यावरून देशभर रण माजले, ते नटीच्या पोहण्याच्या कपड्याच्या रंगावरून! कपडा, अंग, कॅमेरा यांबद्दलची तक्रार त्या गदारोळात मागेच पडली. रंग तेवढा बदलला असता तर सगळे समाधानाने पाहत बसले असते.

हे सगळे पडद्यापुरते राहिले असते तर मी इतकी शाई खर्च केली नसती. एका स्नेहसंमेलनात सहा-सात वर्षांच्या मुली 'चिकनी चमेली'वर नाचताना मी पाहिल्या आहेत. चेहरे गोंडस, निष्पाप. हात मात्र कॅमेरा जेथे जेथे थांबतो तेथे तेथे बरोबर जात होते. गाणे ज्यांनी म्हटले त्या श्रेया घोषाल यांनीच २०२५ साली सांगितले की लहान मुली हे गाणे म्हणू लागल्या की मला संकोच वाटतो. नवरात्रात याच मुलींना आपण कर्णपुऱ्याच्या जत्रेत देवीपुढे हात जोडायला लावतो.

बायका मारामारी करतात असे चित्रपट हल्ली निघत नाहीत असे नाही. राणी मुखर्जीचा 'मर्दानी' २०१४ साली आला, त्याचे पुढचे भागही निघाले, आणि मी ते आवडीने पाहिले. पण नावाची गंमत पाहा. शूर बाईला मान द्यायचा तर तिला मर्दासारखी म्हणायचे. वेरूळला जी आहे ती मर्दिनी. एका काना-वेलांटीचा फरक. पण नावे ठेवणाऱ्यांना तो सुचला नाही खरा.

नागराज मंजुळे यांना मात्र तो न सांगता कळला असावा. 'सैराट' (२०१६) हा काही मारधाडपट नव्हे. त्यातली आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, वेळ आली तेव्हा पिस्तूलही झाडते. पण माझ्या मते त्या चित्रपटातले सर्वांत धाडसाचे दृश्य वर्गातले आहे. ती बाकावर बसून परश्याकडे टक लावून पाहते. नुसती पाहते. तो बिचारा लाजून कोठे बघावे न कळून चुळबुळतो, आणि त्याच्याबरोबर आमच्या पुढच्या रांगेतली शिट्ट्या मारणारी पोरेही चुळबुळली होती. त्या आर्चीला पुढे मारामारीच्या एखाद्या चित्रपटात, अड्ड्यावर, पंधरा गुंडांसमोर, कोणी उभी केली, तर पहिल्या दिवसाच्या पहिल्या खेळाचे तिकीट काढायला मी तयार आहे.